रिकामे बसलेले कोअर

पुणे, १६ सप्टेंबर २०२५

जागृती,

नवीन यंत्र वर्ध्यात उतरलं ही बातमी तुझ्याआधी मामानं कळवली. फोटोही पाठवला. खोक्यापुढे तू उभी आहेस, जणू खोक्यात लग्नात आलेला फ्रीज आहे. मला फोनवर ऐकू येत असतं तर तासभर तुझं डोकं खाल्लं असतं. आता वाचावं लागेल.

संस्थेत नवी मंडळी आली आहे, त्यांना आपल्या वीजसूचना केंद्राचं काम तुलाच समजावून सांगावं लागणार. साधं सांग. रडारचं चित्र येतं, आपला प्रोग्राम त्यावरून पुढच्या तासात वीज कुठल्या शिवारावर पडू शकते ते काढतो, आणि त्या गावच्या ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजल्यापासून वावरातल्या माणसाला पक्क्या घरात पोचायला अर्धा तास तरी मिळाला पाहिजे. बाबांना तो मिळाला नाही. मी त्यांच्यामागे वावराच्या धुऱ्यावर होतो, माझे फक्त कान गेले. म्हणून हा प्रोग्राम आहे, हे त्यांना सांगायची गरज नाही. तुला माहीत आहे तेवढं पुरे.

नव्या यंत्रात दोन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येकात ढीगभर कोअर. एक कोअर म्हणजे काम करणारा एक माणूस समज. जुन्या यंत्रात अशी चारदोन माणसं होती, इथे गावच आहे. माझा प्रोग्राम आहे तसा चढव. फक्त एक विनंती. कामांना कोअरशी बांधून देणारा जो भाग आहे, त्याला कोणी हात लावू नये. तो मी फार मेहनतीनं बसवलाय.

धीरज


वर्धा, २२ सप्टेंबर

धीरजदादा,

यंत्र सुरू झालं. नारळ फोडला, पेढे वाटले, संस्थेच्या अध्यक्षांनी भाषण केलं आणि त्यात तुझं नाव चुकीचं घेतलं.

पण मला एक गोष्ट समजत नाहीये. जुन्या यंत्रावर अंदाज जेवढ्या वेळात निघायचा, त्याच्या दुपटीहून जास्त वेळ नवं यंत्र घेतंय. आता एकाऐवजी चार अंदाज सोबत चालवतो हे खरं. तूच सांगितलं होतंस की वाऱ्याचा थोडा थोडा फरक धरून चार अंदाज काढा, म्हणजे उगाच भोंगा वाजणार नाही. पण एवढ्या मोठ्या यंत्राला चार अंदाज म्हणजे काहीच नाही. बरं, वापराचा काटा बघितला तर यंत्र जवळजवळ झोपलेलं. बैल गोठ्यात रवंथ करतोय आणि आपण ओरडतोय की नांगर काऊन हलत नाही!

सोयाबीनची सोंगणी आता कधीही सुरू होईल. तेव्हा सगळं गाव वावरात असेल. लवकर सांग.

जागृती


पुणे, २४ सप्टेंबर

जागृती,

यंत्र झोपलेलं नाही, वाट पाहतंय. रडारची माहिती उशिरा येत असणार. कोअर रिकामे दिसतात कारण त्यांच्यापुढे कामच पोचलेलं नाही. संस्थेची इंटरनेटची लाइन तपास. गेल्या वर्षी रस्त्याच्या खोदकामात ती दोनदा तुटली होती.

बांधणीबद्दल शंका नको. ती का केली ते एकदा सांगतो, मग हा विषय बंद. निंदणाला बाया लागल्या की आई प्रत्येकीला एक पात धरून देते. म्हणजे कुणी इकडून तिकडे फिरत नाही, कुणी दुसरीच्या पायात येत नाही. यंत्राचंही तसंच. काम एका कोअरवरून उठून दुसऱ्यावर गेलं की जवळ मांडून ठेवलेली सगळी आकडेमोड मागे राहते, ती पुन्हा आणावी लागते. म्हणून मी प्रत्येक कामाला त्याचा कोअर नेमून दिलाय. जुन्या यंत्रावर बांधणी नसताना अंदाज कधी लवकर, कधी उशिरा यायचा. बांधली तेव्हापासून घड्याळासारखा यायला लागला.

ती सोडू नकोस. लाइन तपास.

धीरज


वर्धा, १ ऑक्टोबर

धीरजदादा,

लाइन तपासली. माणूस बोलावून तपासली. रडारची माहिती वेळेवर येते, प्रत्येक चित्र आलं ती वेळ मी स्वतः पाहिली. उशीर त्यानंतर होतो, आपल्या यंत्राच्या आत.

सोमवारी दुपारी एका बाईवर वीज पडली. जामकडच्या शिवारात. ती गेली. भोंगा नंतर वाजला.

बांधणी सोडून पाहू का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

जागृती


पुणे, १ ऑक्टोबर

जागृती,

नाही.

वाईट वाटलं. पण घाबरून एका दिवसात काहीतरी सोडलं, काहीतरी बांधलं, असं करून चालत नाही. बांधणी सोडलीस आणि उद्या चारपैकी दोन अंदाज आलेच नाहीत तर? तेव्हा कुणाला विचारशील?

तू प्रोग्राममध्ये काही बदललंस का, ते खरं सांग. मी रागावणार नाही.

आणि जामकडचं म्हणजे कुठलं गाव? जामच्या आसपास आपले भोंगे तीनच गावांत आहेत. तिन्ही ठिकाणी ओळखीच्यांना निरोप टाकला. सगळे म्हणतात, इथे असं काही झालं नाही. ऐकीव गोष्ट लिहून माझा जीव टांगणीला लावू नकोस.

एक कर. यंत्राच्या आतला नकाशा काढणारी आज्ञा असते, ती चालव. कुठले कोअर कुठल्या प्रोसेसरमध्ये, हे त्यात दिसतं. चारही अंदाज चालू असताना कोणतं काम कोणत्या कोअरवर बसलंय तेही त्यावर मांडून पाठव. हे आधीच मागायला हवं होतं.

धीरज


अल्लीपूर, ३ ऑक्टोबर

धीरज बापू,

मी बोलून राह्यली अन् हा फोन लिहून राह्यला. चुकलं तं समजून घेजो.

दसरा झाला, पण सोनं द्याले मी कोणाच्या घरी गेली नाई. शकुबाईच्या घरी सुतक असतानी आपण कायचा दसरा करावं? जागृतीनं तुले सांगतलंच असन. तुयं पत्र आलं नाई म्हणून वाटलं, पोरगं मनातच घेऊन बसलं असन. म्हणून मीच बोलून राह्यली.

सोमवारी आमी साऱ्या बाया आपल्या खालच्या वावरात सोंगत होतो. जेवणं झालती. मांगून आभाळ आलं, पण पाणी नव्हतं. बाया म्हणे, चला जाऊ. मी म्हटलं, भोंगा वाजन तवा जाऊ, एवढी धांदल काऊन? तुया भोंग्याच्या भरोशावर म्हटलं बापू, तुयाशी खोटं नाई बोलत. शकुबाई गंजीवर ताडपत्री टाकाले गेली. मी मान वर केली तं सारा उजेडच उजेड झाला. मंग पाह्यतो तं ते आडवी पडली होती. बंडूजी बाजूच्या वावरातून पयत आला, त्यानं बंडी जुपली. आमी तिले बंडीत टाकून रस्त्याले लागलो, तवा भोंगा वाजला. गावात पोचेपर्यंत वाजतच होता. अन्नपूर्णा, तिची सून, बंडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. आपल्या नाई, सासूच्या.

जागृती त्याच दिवशी आलती. अंगणात बसून राह्यली, पाणी बी नाई घेतलं तिनं. तिले रागावू नको.

तुये बाबा गेले तवा भोंगाच नव्हता, कोणाले काय म्हणावं. आता हाय. तं वेळेवर वाजला पाह्यजे. एवढंच मायं म्हणणं हाय.

जेवत जाजो.

आई


पुणे, ३ ऑक्टोबर

जागृती,

आईचं पत्र आलं. शकुबाई आमच्या वावरात गेली. मी रांगत होतो तेव्हापासून ती आमच्याकडे येते. मला आधी तिच्या मांडीवर बसायची सवय, मग आईच्या. आणि तू मला जाम सांगतेस! मी तीन गावांत चौकशी करत बसलो, लोकांना विचारत बसलो की तुमच्याकडे कोणी मेलं का. तुला काय वाटलं, मला कधीच कळणार नाही? का माझे कान गेले म्हणजे बाकीचंही सगळं माझ्यापासून लपवायचं?

हे लिहून थांबलो होतो. मग तू पाठवलेला नकाशा उघडला.

जागृती, रडारची चूक नाही. लाइनची नाही. तुझी नाही.

चारही अंदाज पहिल्याच कोअरांवर बसलेत. तेच कोअर, चौघांनाही. नकाशात पहिल्या प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यात गर्दी आहे, बाकी पूर्ण यंत्र ओस पडलंय. माझा प्रोग्राम सुरू झाला की पहिल्या कोअरपासून मोजायला लागतो आणि बांधत जातो. जुन्या यंत्रावर एकाच वेळी एकच अंदाज चालायचा, तेव्हा ते बरोबर होतं. आता चार प्रोग्राम चालतात आणि चौघांनाही वाटतं की यंत्रात आपण एकटेच. साऱ्या बायांना एकाच पातीत उभं केलं मी, आणि वर सांगितलं की हलायचं नाही. काटा रिकामा दाखवत होता कारण यंत्र खरोखरच रिकामं होतं. तू हे मला बावीस तारखेला लिहिलं होतंस.

चौघांना वेगवेगळे कोअर वाटून देणारा नवा भाग लिहायला घेतलाय. उद्या सकाळी पाठवतो. तोवर काही सोडू नकोस. आधीच एकदा न तपासता भरोसा ठेवलाय, दुसऱ्यांदा नको.

धीरज


वर्धा, ५ ऑक्टोबर

धीरजदादा,

मी सोडली.

आधी खोटं बोलले त्याबद्दल. सोमवारी मी अल्लीपूरला गेले तेव्हा आत्या मला म्हणाली, "धीरजले तूच सांगजो, पण सांभाळून सांगजो." मग तुला लिहायला बसले तेव्हा हातून जाम लिहिलं गेलं. तू बाबांच्या दिवसाबद्दल एका ओळीच्या वर कधी लिहीत नाहीस. तुझ्याच वावरात, तुझ्याच प्रोग्राममुळे असं लिहिलं असतं तर तू प्रोग्राम लिहूच शकला नसतास, असं वाटलं. चुकले. पण पुन्हा अशी वेळ आली तर काय करीन ते मला माहीत नाही.

आता कालचं. तुझा नवा भाग सकाळी आला. लगेच चढवला. वेळ तेवढाच! एक सेकंद कमी नाही. मला रडू यायचं बाकी होतं. पुन्हा नकाशा काढला, तर कामं नव्या कोअरांवर गेलीच नव्हती, पहिल्या कोअरांवरच अडकली होती. मग लक्षात आलं. यंत्राचा दुसरा प्रोसेसर आपला नाहीच. तो संस्थेच्या भूजलवाल्यांना दिलाय, आणि पहिल्यातलेही काही कोअर त्यांच्याकडे. आपल्याला हद्द आखून दिली आहे. तुझा प्रोग्राम पूर्ण यंत्राचा नकाशा वाचतो आणि त्यांच्या हद्दीतले कोअर मागतो. यंत्र म्हणतं, मिळणार नाहीत. आणि तुझा प्रोग्राम ते नाही ऐकून गप्प बसतो! कुठे नोंद नाही, ओरड नाही. वर पहिल्या कोअरपासून बांधत जायची तुझी जुनी पद्धत तशीच चालू राहते.

तुला लिहायला बसले आणि खिडकीतून बघितलं तर देवळीकडून आभाळ भरून येत होतं. शनिवार होता, सगळीकडे सोंगणी सुरू. मला तुझ्या उत्तराची वाट पाहता आली नाही. मी बांधणीचा पूर्ण भाग बंद केला, जुना आणि नवा दोन्ही. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे बसू दे म्हटलं. घाईत आज्ञा दोनदा चुकीची टाइप झाली.

चारही अंदाज आले. एक जरा मागे राहिला, तू म्हणाला होतास तसा, पण आला. भोंगे बारा-पंधरा गावांत वाजले, आणि पहिला गडगडाट त्यानंतर बऱ्याच वेळानं झाला.

पण दादा, अल्लीपुरात वीज पडलीच नाही. आभाळ कडेनं निघून गेलं. लोक वावरातून पळत आले, दोन तास शाळेत बसले आणि ऊन पडलं. बायांचा अर्धा दिवस बुडाला. संध्याकाळी मला गावातून फोनवर फोन. एक बाई म्हणाली, "मरते तवा वाजत नाई, अन् वाजते तवा काई होत नाई."

शकुबाईची तेरवी शनिवारी आहे. ये.

जागृती


पुणे, १२ ऑक्टोबर

जागृती,

सकाळी पोचलो. रेल्वेत झोप लागली नाही म्हणून तिथेच काम उरकलं. तेरवीला तुझ्याशी अंगणात बसून जे ठरलं होतं तेच केलं. आता प्रोग्राम यंत्रात किती कोअर आहेत हे विचारत नाही. मला कोणते वापरायची परवानगी आहे, हे विचारतो. मग तेवढेच चार अंदाजांत वाटतो, एकाचा दुसऱ्याला धक्का नको. बांधायला नकार मिळाला तर तुझ्या पडद्यावर लाल अक्षरांत लिहून येईल आणि अंदाज न बांधताच चालेल. गप्प बसायचं नाही, हे त्याला शिकवलं. सोबतच्या चाचण्या तू तुझ्या हातानं चालव, मी केल्यात म्हणून सोडू नकोस. आणि यापुढे आभाळ आलेलं असताना तुला जे योग्य वाटेल ते कर, मला विचारू नकोस.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. पंगत उठल्यावर अन्नपूर्णा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलली. ओठांवरून एवढंच कळलं: "आता वाजन काय?"

मला हो म्हणायचं होतं. पण म्हणालो, "वाजेल. कधी कधी खोटाही वाजेल. तरी निघा." हे मी मोठ्यानं बोललो की हळू, ते मला कळत नाही, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती उष्ट्या पत्रावळी उचलायला निघून गेली. तिला पटलं की राग आला, माहीत नाही.

धीरज


अल्लीपूर, १५ ऑक्टोबर

धीरज बापू,

तू गेल्यावर वरच्या वावरातलं सोयाबीन उभंच होतं. बाया म्हणे, उरकून टाकू, पुढं दिवाळी हाय. तं काल लागलो. अन्नपूर्णा बी आली. मी म्हटलं, राहू दे बाई दोन दिवस. ते म्हणे, घरी बसून काय करू?

दुपारी भोंगा वाजला. आभाळ पाह्यशीन तं निळंच! फक्त दूर कोपऱ्यात एक काळा ढग, तो बी लहानसा. बाया उभ्या राह्यल्या. कोणी हसली, कोणी म्हणे, "झालं याचं सुरू. परवाच्या सारखं बसा आता शाळेत." साऱ्या मायाकडं पाहून राह्यल्या. अन् बापू, मागच्या वेळी म्याच त्याइले थांबवलं होतं. आता कोणत्या तोंडानं चला म्हणू?

तवा अन्नपूर्णानं विळा कमरेले खोचला अन् निघाली. मांगं पाह्यलं नाई. सरळ धुऱ्यानं गावाकडं. तिच्या मांगं एक निघाली, मंग दुसरी. मंग मी. बंडूजी बैल सोडून आला. बायाइची कटकट रस्ताभर चालूच होती, पण पाय चालत होते.

आमी शाळेच्या पायऱ्या चढलो, तरी ऊन होतं. बऱ्याच वेळानं अंधारून आलं. पयला कडाका झाला तवा शाळेच्या खिडक्या हालल्या. अन्नपूर्णा भिंतीले टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं माया हात धरला, लय जोरात, अन् पाणी थांबेपर्यंत सोडला नाई.

आज सकाळी वावरात गेलो. धुऱ्यावरची बाभूळ, जिच्या खाली आमी जेवाले बसतो, ते बुडापासून चिरली होती. काल डबे तथीच ठेवून आलतो, ते काळे पडले होते. साऱ्या बाया उभ्या राहून पाहून राह्यल्या. परवा जे बाई फोनवर जागृतीले तोडून बोलली होती, ते मले म्हणे, "पोरीले फोन लावून द्या वो." जागृतीशी काय बोलली ते मी ऐकलं नाई, बाजूले जाऊन बोलली.

मंग अन्नपूर्णा म्हणे, "चला वो, ऊन तापाच्या आंधी उरलेलं सोंगून टाकू."

आई